पडक्या भिंती राखायच्या त्या कुणावर रागावून? ओरादूरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि पोटतिडकीने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोटरहोम भाड्याने घेऊन मी आणि नवरा फ्रान्समध्ये फिरत होतो. वाटेत लिमोजजवळच्या ओरादूर-स्यूर-ग्लान या उद्ध्वस्त गावात थांबलो, त्याबद्दल लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. पहिला, १९४४ मध्ये जर्मन सैनिकांकडून सहाशेंवर माणसं जिथे मारली गेली ती जागा चीज, पाव आणि पार्किंगच्या माहितीत कोंबणं शोभत नाही. दुसरा, ऐंशी वर्षं पडक्या भिंती तशाच ठेवणं म्हणजे सरकारी खर्चाने जर्मनांवरचा राग धुमसत ठेवणं. गाव परत बांधून मोकळं व्हायला हवं होतं. तिसरा, वसाहतींमध्ये ज्यांनी हेच केलं त्या फ्रेंचांसाठी आपण का हळहळायचं?

पहिल्याचं उत्तर लहान आहे. मोटरहोमने फिरताना संडासाची कॅसेट रिकामी करावी लागते, टाकीत पाणी भरावं लागतं, आणि नेमका तेव्हाच पाव संपलेला असतो. ही कामं आम्ही नव्या ओरादूरमध्ये केली. हो, गाव परत बांधलेलं आहे, अगदी शेजारी, रस्त्याच्या पलीकडे. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरियोल यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५३ पर्यंत लोक राहायला आले. तिथे बेकरी आहे, शाळा आहे, मोटरहोम उभी करायला जागा आहे. पाव विकत घेतल्याने त्या गावाचा अपमान झाला असेल असं मला वाटत नाही. जुन्या गावाच्या फाटकावर शांतता पाळण्याची सूचना आहे आणि ती पाळली जाते. लेखात या दोन गोष्टी एकाखाली एक आल्या कारण त्या दिवशी त्या तशाच घडल्या.

आता दुसरा आक्षेप. खरं बोलायचंय ते याच्यावर.

१० जून १९४४, शनिवार. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरून चार दिवस झाले होते. 'दास राइश' ही वाफेन-एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची, चिलखती डिव्हिजन दक्षिणेकडून आघाडीवर निघाली होती. आदल्याच दिवशी त्यांनी त्यूल शहरात ९९ माणसं खांबांना आणि गॅलऱ्यांना टांगून फाशी दिली होती. दुपारी तिची एक कंपनी ओरादूरमध्ये शिरली. ओळखपत्रं तपासायची आहेत म्हणून सगळ्यांना बाजाराच्या मैदानात जमवलं. पुरुषांना धान्याच्या कोठारांत आणि गॅरेजांत नेऊन गोळ्या घातल्या, वर गवत-लाकडं टाकून पेटवलं. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून तेही पेटवून दिलं. चर्चमधून एकच बाई जिवंत सुटली, मार्गरीत रूफाँश. वेदीमागच्या खिडकीतून तिने उडी मारली, पाच गोळ्या लागल्या, आणि पाद्र्याच्या परसातल्या वाटाण्याच्या वाफ्यात ती दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिली. नवरा, मुलगा, दोन मुली आणि नातू, सगळे गेले. मृतांचा आकडा अनेक वर्षं ६४२ धरला जाई. २०२० मध्ये रामोना डोमिंगेझ गिल या स्पॅनिश निर्वासित बाईचं नाव त्यात आलं आणि तो ६४३ झाला.

स्पॅनिश निर्वासित का, असं कुणी विचारेल. तर ते गाव नुसतं तिथल्या मूळ रहिवाशांचं राहिलं नव्हतं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्यापासून पळालेली स्पॅनिश कुटुंबं होती. जर्मनीने गिळलेल्या लॉरेनमधून हाकलून दिलेली माणसं होती, शार्ली नावाच्या एकाच गावातली चाळीसच्या आसपास. शाळेतल्या मुलांपैकी जो एकमेव वाचला तो रोजे गोद्फ्रँही लॉरेनचाच. जर्मन दिसले की पळायचं, हे त्याला घरून सांगून ठेवलेलं होतं. बाकीच्या बहुतेक मुलांच्या आयांना तसं सांगायची वेळ कधी आली नव्हती. शार्लीने पुढे आपल्या नावाला ओरादूर जोडून घेतलं, आज ते शार्ली-ओरादूर आहे.

इथपर्यंत तुमचंच म्हणणं खरं वाटेल: जर्मनांनी मारलं, फ्रेंचांनी अवशेष राखले, येणाऱ्याला दाखवत बसले. तेव्हाचे सरकारप्रमुख द गॉल मार्च १९४५ मध्ये गावात आले आणि १९४६ च्या कायद्याने भिंती ऐतिहासिक स्मारक झाल्या तेव्हा सरकारच्या मनात बहुधा असंच काही होतं. एक निष्पाप फ्रेंच गाव, एक परका शत्रू. गोष्ट सोपी होती आणि त्या वेळी सगळ्यांच्या सोयीची होती.

ती १९५३ साली बोर्दोच्या लष्करी न्यायालयात फुटली.

आरोपींच्या पिंजऱ्यात २१ जण होते. त्यांतले सात जर्मन. उरलेले १४ जर्मन सीमेवरच्या अल्सास प्रांताचे, म्हणजे युद्धानंतर पुन्हा फ्रेंच नागरिक झालेले. १९४० मध्ये जर्मनीने अल्सास आणि मोझेल (लॉरेनचा एक भाग) आपल्यात सामील करून घेतले आणि १९४२ पासून तिथल्या पोरांना सक्तीने जर्मन गणवेश चढवला. असे सक्तीचे सैनिक लाखाहून जास्त होते. त्यांना फ्रान्समध्ये 'माल्ग्रे-नू' म्हणतात, मनाविरुद्ध गेलेले. बोर्दोच्या चौदांपैकी तेरा या प्रकारचे आणि एक स्वतःहून भरती झालेला. म्हणजे ओरादूरच्या मैदानात बंदूक धरून उभे असलेल्यांत फ्रेंच होते, आणि त्यांच्यासमोर उभे केलेल्यांत त्याच सीमाभागातून हाकललेले लोक होते.

निकाल १३ फेब्रुवारीला लागला. दोघांना मृत्युदंड, एक जर्मन आणि एक तो स्वेच्छेने गेलेला अल्सासी. बाकीच्यांना सक्तमजुरी आणि तुरुंगवास, एक निर्दोष. ओरादूरला ही शिक्षा किरकोळ वाटली. अल्सासला ती अन्यायाची वाटली, तिथल्या मुख्य शहरात, स्ट्रासबुर्गमध्ये, युद्धस्मारकावर काळं कापड चढलं. आठवडाभरात संसदेने सक्तीच्या सैनिकांना माफी देणारा कायदा केला, ३१९ विरुद्ध २११ मतांनी, आणि ते तेरा जण घरी गेले. मृत्युदंड झालेले दोघंही पुढे सुटलेच. त्या डिव्हिजनचा सेनापती लामरडिंग पश्चिम जर्मनीत बांधकामाचा धंदा करत राहिला, फ्रान्सच्या हाती तो कधी लागला नाही, १९७१ मध्ये वारला.

आता गावाने काय केलं ते बघा. सरकारने दिलेली पदकं, लेजियाँ द'ऑनर आणि क्र्वा द गेर, परत पाठवली. सरकारी प्रतिनिधींना वार्षिक श्रद्धांजलीला येऊ नका म्हणून सांगितलं. आणि अवशेषांच्या प्रवेशाशी फलक लावले: माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं. घरचा आहेर म्हणतात तो हा. हे फलक १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे होते. सरकारने मृतांच्या अस्थींसाठी भूमिगत स्मारक बांधलं, ते लोकांनी वापरायचं नाकारलं. अस्थी गावच्या दफनभूमीत, कुटुंबांनी स्वतः उभारलेल्या स्मारकात ठेवल्या. सरकारची ती वास्तू १९७४ पर्यंत रिकामी पडून होती. नव्या गावात बरीच वर्षं नाचगाणी आणि समारंभ टाळले गेले. तिथल्या पोरांचं त्यात काय झालं असेल, याचा विचार तुम्ही करा. मला त्या सुतकाचं कौतुक करवत नाही.

'सरकारी खर्चाने राग जपलाय' हे म्हणून तर मला पटत नाही. राग होता, पण पुढची वीसेक वर्षं तो पॅरिसवर आणि स्ट्रासबुर्गवर होता. जर्मनीवर पोसलेला राग म्हणून या भिंती राखल्या असत्या तर गाव आणि सरकार एका बाजूला उभे दिसले असते. ते समोरासमोर उभे होते.

जर्मनीचंच काढलंत म्हणून सांगते. सप्टेंबर २०१३ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक तिथे आले. अवशेषांमधून चालताना फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा ओलाँद आणि गाउक यांच्याबरोबर रोबेर एब्रास होते. कोठारातल्या गोळीबारातून प्रेतांखाली दबून वाचलेले जे मोजके पुरुष, त्यांतले एक. आई आणि दोन बहिणी त्यांनी चर्चमध्ये गमावल्या होत्या. या माणसाने आयुष्याची कित्येक वर्षं शाळकरी पोरांना आणि जर्मन पाहुण्यांना तेच गाव दाखवण्यात घालवली. २०२३ मध्ये ते गेले, वाचलेल्यांपैकी ते शेवटचे. त्यांनी कुणाचा राग धुमसत ठेवला म्हणायचं?

'परत बांधून मोकळं व्हायला हवं होतं' या वाक्यातल्या 'मोकळं' वरही थोडं. भिंती नुसत्या सोडून दिल्या म्हणजे राहतात, असा एक समज दिसतो. राहत नाहीत. छप्पर नसलेली भिंत पावसाने आतून पोखरते. काजळी तर कधीच धुऊन गेली, १९४४ मधलं काळं गाव आता करड्या दगडांचं आहे. गवंडी येऊन भिंतींचे माथे पक्के करतात, फटी भरतात, वेली उपटतात, गवत कापतात. रस्त्यात लिमोजच्या ट्रामचे रूळ आहेत, वर तारा आहेत, तेही कुणीतरी सांभाळतं म्हणूनच. एका घरात मी बराच वेळ उभी होते. चूल आणि भिंतीचा कोनाडा शिल्लक, आणि मध्ये पायाने चालवायचं शिवणयंत्र. लाकडी फळी जळून गेलेली, बिडाचे पाय आणि पायटा तसाच. अशी यंत्रं घराघरांतून दिसतात, कारण आगीत तेवढंच टिकण्यासारखं होतं. चर्चमध्ये घंटेच्या जागी जमिनीवर वितळलेल्या धातूचा ढेकूळ आहे. हे सगळं किती काळ आणि किती खर्च करून धरून ठेवायचं, हा वाद फ्रान्समध्येही चालू आहे. तुम्ही त्या बाजूने आला असतात तर मी इतकं भांडले नसते.

आणि एक कारण आहे ज्यामुळे मला दगड असलेले बरे वाटतात. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या स्मृतिकेंद्राच्या भिंतीवर कुणीतरी 'हुतात्मा' शब्दावर काट मारून 'खोटारडे' असं रंगवलं. वाचलेले साक्षीदार संपत आले की हे वाढतं.

तिसरा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. ओरादूरला सहा महिने व्हायच्या आत, १ डिसेंबर १९४४ ला, डाकारजवळ थियारोय इथे फ्रेंच सैन्याने स्वतःच्याच आफ्रिकन सैनिकांवर गोळ्या झाडल्या. युद्धकैदेतून सुटून आले होते, थकलेला पगार मागत होते. किती मेले यावर आजही एकमत नाही. त्याला 'हत्याकांड' म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०२४ उजाडावं लागलं. युद्ध संपल्याच्याच दिवशी, ८ मे १९४५ ला, अल्जेरियात सेतिफमध्ये फ्रेंचांनी जी दडपशाही सुरू केली तीत हजारो गेले. यांच्यासाठी फ्रान्समध्ये राखून ठेवलेलं गाव नाही. हा हिशेब फ्रान्सकडे मागायलाच हवा. पण तो त्या शाळेतल्या मुलांच्या खात्यातून कसा वळता करायचा, ते मला कळत नाही.

'आपला काय संबंध' असंही लिहिलंत. संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. सुभाषबाबूंनी बर्लिनमध्ये असताना उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून जी फौज उभी केली, ती १९४३-४४ मध्ये बोर्दोजवळ लाकानोच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला होती. जर्मन गणवेशात, बाहीवर झेप घेणारा वाघ. ऑगस्ट १९४४ मध्ये ती वाफेन-एसएसच्या अखत्यारीत गेली आणि त्याच महिन्यात प्वातिएच्या बाजूने माघारी निघाली. ओरादूरशी तिचा काही संबंध नाही, हे ठळक समजा. पण त्या माघारीत तिच्या काही सैनिकांवर अत्याचाराचे आरोप झाले, काही जण फ्रेंच प्रतिकारकांच्या हातून मारले गेले. तेव्हा त्या उन्हाळ्यात, फ्रान्सच्या त्याच टापूत, कोण कुणाच्या गणवेशात कशामुळे उभं होतं हा प्रश्न अल्सासवाल्यांपुरता नाही.

आधी जालियनवाला बाग बघा, असा टोमणाही आहे. बघितली आहे, २०२१ च्या नूतनीकरणाआधीही आणि नंतरही. डायरचे शिपाई ज्या अरुंद बोळातून आत आले त्याच्या भिंतींवर आता शिल्पं आहेत. पूर्वी तिथून जाताना खांदे आपोआप आक्रसायचे. ओरादूरमध्ये अशी सजावट कुणी केलेली नाही, घरावर फार तर नाव आणि धंदा: न्हावी, लोहार, कॅफे. मला ते जास्त बरं वाटलं.

पुढच्या वर्षी नॉर्मंडीला जाणार असं तुम्ही लिहिलं आहे. तिथून दक्षिणेला उतरणार असाल तर लिमोजच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर ओरादूर आहे. अवशेषांत जायला पैसे नाहीत, वाट स्मृतिकेंद्राच्या इमारतीतून भुयारी मार्गाने जाते. केंद्रातल्या प्रदर्शनाला मात्र तिकीट आहे. बरेच लोक ते टाळून थेट गावात शिरतात. तुम्ही टाळू नका, १९५३ च्या खटल्याचा भाग तिथेच आहे. तो बघून या, मग भिंती पाडाव्यात की ठेवाव्यात यावर पुन्हा भांडू.