‘सरळ मेश करून टाका’ या प्रतिक्रियेला उत्तर

फ्रॅक्टलचं, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी नवा तपशील दिसत राहणाऱ्या आकाराचं, चित्र काढताना मी दर पिक्सेलमागे कॅमेऱ्यातून एक किरण सोडतो आणि पृष्ठभाग किती लांब आहे याचा अंदाज घेत तो पावलापावलाने पुढे नेतो. त्यावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: २०१८ पासून एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांत किरण त्रिकोणाला कुठे लागतो (किरण-त्रिकोण छेद) ते काढायला वेगळं हार्डवेअर आहे, मग फ्रॅक्टलचा मेश (त्रिकोणांचं जाळं) करावा, अंतराचा अंदाज घेत पावलं टाकणं जुनाट. शिवाय ‘पृष्ठभागापासून पिक्सेलच्या रुंदीहून जवळ आलो की थांबा’ ही फसवणूक.

आधी मेश. फ्रॅक्टल डोंगर करताना दर फेरीला एका त्रिकोणाचे चार होतात. १० फेऱ्यांत १०,४८,५७६, १५ फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर. एवढं करूनही कॅमेरा पुरेसा जवळ नेला की सपाट पत्रे दिसणारच. संगणक-चित्रणाचे संशोधक कजिया यांनी १९८३ मध्येच यावर तोड काढली होती: पुढच्या फेऱ्यांतले सगळे उंचसखल भाग मावतील असं वेष्टन प्रत्येक त्रिकोणाभोवती घालायचं आणि किरण त्या वेष्टनाला लागला तरच त्रिकोण फोडायचा. म्हणजे त्रिकोणवाल्यांनीसुद्धा पूर्ण मेश टाळलाच होता!

मँडेलबल्ब, म्हणजे एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवून बनणारा त्रिमितीय फ्रॅक्टल, त्याला तर फोडायला मूळ त्रिकोणच नाही. तिथे हार्ट, सँडिन आणि कॉफमन यांची १९८९ ची युक्ती कामाला येते. बिंदूपासून पृष्ठभाग किमान किती लांब आहे हे कळलं, तर तेवढी उडी बिनधास्त मारता येते. मँडेलबल्बसाठी सूत्र पुन्हा पुन्हा चालवल्यावर बिंदू केंद्रापासून जेवढा लांब जातो ते r धरायचं; मग r·ln(r) ला सोबत मोजत नेलेल्या डेरिव्हेटिव्हने (मूळ बिंदू जरा हलवला तर r किती बदलतो त्या दराने) भागून त्याचं निम्मं घेतलं की हे अंतर मिळतं. मात्र सूत्र प्रतलातल्या गणितावरून उचललेलं, त्रिमितीत त्याची तशी हमी नाही. म्हणून पाऊल थोडं आखूडच टाकायचं.

फसवणुकीचं म्हणाल, तर पिक्सेलहून बारीक तपशील पडद्यावर तपशील म्हणून दिसतच नाही, त्याची नुसती खरखर होते. आणि अशा पृष्ठभागाला नेमका नॉर्मल (उजेड-सावली ठरवणारी, पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) नसतो. तो शेजारच्या अंतरांवरून पिक्सेलच्या मापानेच काढावा लागतो. कुठेतरी थांबावं लागतंच, मग कॅमेऱ्याच्या हिशेबाने थांबलेलं काय वाईट? मेशवाला तर सगळीकडे एकाच बारकाईवर थांबतो.

दुरून, ठरलेल्या कोनातून डोंगर दाखवायचा असेल तर खुशाल मेश करा, वेगात तोच जिंकेल.

माझ्या पद्धतीची खरी दुखरी नस तुम्ही धरलीच नाहीत: पृष्ठभागाला घासून जाणारे किरण. ते इंचाइंचाने सरकतात आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचा प्रोसेसर) पिक्सेल गटाने हाताळतो, म्हणून त्यांच्यापायी शेजारचे पिक्सेलही ताटकळतात. त्यावर मी आधी ८×८ पिक्सेलच्या चौकटीमागे एकच जाड शंकू सोडतो आणि तो अडेल तिथून पुढे किरण चालवतो.