खुलासा : ‘तासात चार लिटर पाणी’ हा मेसेज चुकीचा आहे

सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘उन्हातून आलात की तासाभरात चार लिटर साधं पाणी प्या, ऊन बाधणार नाही.’ कृपा करून असं करू नका. मूत्रपिंडं तासाला जेमतेम एक लिटर पाणी बाहेर टाकतात, हे शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. घामातून मीठही जातं. त्यावर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम (मिठातला घटक; एरवी लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल) उतरतं, मेंदूला सूज येते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

तहानेप्रमाणे थोडं थोडं प्या. खूप घाम गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, पेल्यात नाही. मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. असंबद्ध बडबड, गुंगी दिसली तर थेट दवाखाना गाठा.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.