वेन्स्डेमधला डी

आज मुलीच्या पालकसभेहून आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण फालतू प्रश्न लई विचारते." प्रश्न काय, तर वेन्स्डे म्हणताना डी म्हणायचाच नाही, तर लिहायचा कशाला? उत्तर मिळालं, "तसंच असतं, पाठ कर."

फालतू? सहावीतल्या पोरीनं याहून चांगलं काय विचारायचं असतं?

मला आमचे आजोबा आठवले. देगलूरकडचे, निजामाच्या राजवटीत शिकलेले. घरात मराठी, शाळेत गणितसुद्धा उर्दूत. एकदा त्यांनी मौलवीसाहेबांना विचारलं, आजची तारीख पण तारीख आणि इतिहासाचा विषय पण तारीख, हे कसं काय? वर्ग चिडीचूप. आता बसतेय छडी, असंच सगळ्यांना वाटलं. मौलवीसाहेबांनी छडी टेबलावर ठेवली आणि तास संपेपर्यंत त्या एकाच शब्दावर बोलत राहिले. त्या दिवसापासून उर्दू आपली वाटायला लागली, असं आजोबा सांगायचे.

सक्ती होती आणि ती वाईटच होती, त्यावर वाद नाही. पण १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली, आजोबांच्या बरोबरीचे कितीतरी जण उर्दू पार विसरले, आणि आजोबा शेवटपर्यंत उर्दू पेपर वाचत राहिले. पुस्तकं तीच, वर्ग तोच. त्यांच्यासाठी छडी एकदा टेबलावर ठेवली गेली होती, एवढंच.

बाईंच्या वर्गात साठ पोरं, वर पोर्शन संपवायचा धाक, हेही खरं. पण "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" म्हणायला किती वेळ लागतो हो?

घरी येऊन आम्ही दोघांनी शोधलं. वोडेन नावाचा जुना देव, त्याचा वार तो वेन्स्डे. तो डी वोडेनचा! रोमन लोक त्याच वाराला मर्क्युरीचा वार म्हणायचे, आणि मर्क्युरी म्हणजे आपला बुध. पोरगी ओरडलीच, "बाबा, म्हणजे बुधवारच की!" तिचा तो चेहरा बघून माझा निम्मा राग तिथंच उतरला. आता हे स्पेलिंग ती जन्मात चुकणार नाही.

जेवताना सॅटर्डे म्हणजे सॅटर्नचा, म्हणजे शनीचा वार, हे तिनं स्वतःच लावलं. आता थर्सडेवर अडकलीये. गुरू म्हणजे ज्युपिटर हे तिला ठाऊक आहे, पण थर्सडेत ज्युपिटर काही सापडेना. अकरा वाजून गेलेत, उद्या सकाळची शाळा आहे. मी दिवा चालूच ठेवलाय.