तीन बटणांसाठी एवढा तमाशा!

दर पावसाळ्यात लॅबमध्ये नवा विद्यार्थी येतो आणि गोव्याच्या झुआरी नदीतले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, फोटोंतून मोजायला पुन्हा नवा, खिडकी-बटणांचा प्रोग्राम बांधायला घेतो. खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर पायथन भाषेबरोबर फुकट येतं ना, मग उडी तिथेच. सूक्ष्मदर्शकाची टिफ (फोटोची फाइल) उघडली की पडदा काळा ठिक्कर! अरे बाबा, कॅमेरा १२ बिटांचा, म्हणजे उजेडाचा आकडा ४०९५पर्यंतच; फाइल १६ बिटांची, आणि पडद्यावर आकडा २५५पर्यंत. सरळ २५६ने भागलंस तर सगळ्यात उजळ ठिपकासुद्धा २५५पैकी १५वर अडकणार. आधी छटा ताणायला नकोत?

मग क्यूट, खिडक्या बनवायचं दुसरं साधन. ते पायथनमधून वापरायचे दोन रस्ते: पायक्यूट जीपीएल या कडक मुक्त परवान्यावालं, पायसाइड एलजीपीएल या सैल परवान्यावालं. या वादात दुपार गेली. त्यात लिनक्सवर ओपनसीव्ही हे चित्रं हाताळायचं पॅकेज स्वतःचे क्यूट प्लगइन (जोड-तुकडे) घेऊन येतं, दोन्ही क्यूटचं वाजतं आणि प्रोग्राम उघडायच्या आधीच आडवा. ओपनसीव्हीची हेडलेस, म्हणजे बिनखिडकीची, आवृत्ती टाका म्हणून घसा कोरडा केला, ऐकतंय कोण?

फोटो बघायला-मोजायला नापारी हा प्रोग्राम तयार आहे, त्याच कामाचं इमेजजे तर १९९७पासून आहे. त्यात एक प्लगइन लिहा ना! पण नाही, सरांना फक्त तीन मोठी बटणं हवीत. आणि काल म्हणाले, ‘‘वेबवरच कर की.’’ कर की म्हणे! एकेक फाइल दोन जीबीची, आणि पावसात इथलं नेट कसं चालतं ते सरांना माहीत नाही होय?