अभिनेत्री जोहरा सेहगल यांनी आयुष्यात गोळी घेतली नाही, हे तुम्हाला सांगितलं कोणी?

माझी आत्या 78 वर्षांची. पुण्यात सहकारनगरला राहते, रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जाते. गेल्या मंगळवारी गेली नाही. जिना उतरताना भिंत हलल्यासारखी वाटली म्हणे. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला: रक्तदाब 190 वर 104. "गोळी चालू आहे ना आजी?" आत्या गप्प. मग पर्समधून मोबाइल काढून तिने डॉक्टरांनाच फॉरवर्ड वाचायला दिला. नऊ दिवस गोळी बंद होती.

तळजाईवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर आलेला तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल. वर जोहरा सेहगल यांचा हसरा फोटो (तो त्यांचाच आहे, एवढं श्रेय देते). खाली '102 वर्षं निरोगी जगण्याचं रहस्य': आयुष्यात एकही इंग्रजी गोळी घेतली नाही. रोज पहाटे कोमट पाण्यात सैंधव. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या ऐंशीव्या वर्षी. कधीही दुःख केलं नाही. ऐंशीनंतर काम करणारी भारतातली एकमेव अभिनेत्री. आणि शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'. पाठवलंही लोकांनी.

आधी गोळीचं बघू, कारण बाकी सगळं खोटं असतं तरी मी दुर्लक्ष केलं असतं. जोहराबाईंना 1994 मध्ये कॅन्सरचं निदान झालं होतं. तेव्हा त्या 82 वर्षांच्या होत्या. त्यातून त्या बऱ्या झाल्या. यात गुपित काहीच नाही. जुलै 2014 मध्ये त्या गेल्या तेव्हाचे मोठ्या वृत्तपत्रांतले मृत्युलेख काढून वाचा. आणि त्या गेल्या कुठे? दिल्लीच्या रुग्णालयात. 'निरोगी 102 वर्षं' लिहिणाऱ्याने एवढंही शोधलं नाही.

आता पुढचा हिशोब करा. 'दिल से' 1998 चा, 'बेंड इट लाइक बेकहम' 2002 चा, 'चीनी कम' 2007 चा. ज्या म्हातारीच्या मिश्कीलपणावर तुम्ही आम्ही खूश झालो, ती सगळी कामं कॅन्सरच्या नंतरची. म्हणजे या बाईंकडून काही घ्यायचंच असेल तर ते हे, की 82 व्या वर्षी एवढं मोठं आजारपण आलं तरी पुढे वीस वर्षं उरतात. फॉरवर्डवाल्याने नेमकी तीच गोष्ट पुसून तिथे कोमट पाणी ओतलं.

रक्तदाबाचं दुखणं असं, की बहुतेकदा दुखतच नाही. गोळी बंद केली की पहिले काही दिवस माणसाला बरंच वाटतं, उलट हलकं वाटतं, आणि फॉरवर्ड खरा ठरल्यासारखा होतो. आत्या तेच म्हणत होती, "अगं, मला काही होत नव्हतं." होत होतं, कळत नव्हतं.

त्यात सैंधव! शेंदेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रंग गुलाबी असला म्हणून ते वेगळं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात लोणचं-पापड आलेच. रक्तदाबाच्या माणसाची गोळी काढायची आणि वर उपाशीपोटी मीठ पाजायचं, हा कोणाच्या डोक्यातला उपाय आहे मला माहीत नाही. शिवाय साध्या शेंदेलोणात वरून आयोडीन मिसळलेलं नसतं, ते वेगळंच.

ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेरा? 1946 चा 'नीचा नगर' बघा. कान महोत्सवात पारितोषिक मिळालेला सिनेमा, जोहराबाई त्यात आहेत. त्याआधी जर्मनीत ड्रेस्डेनला नर्तकी मारी विगमन यांच्या शाळेत त्या नृत्य शिकल्या, 1935 पासून उदयशंकरांच्या संचात नाचल्या, मग चौदा वर्षं पृथ्वी थिएटरमध्ये गावोगाव फिरल्या. शंभरीतही ताठ बसणारी पाठ या रियाजातून आली. बरं, अर्धं खरं मान्य करते: आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना ओळखलं ते लंडनहून परतल्यावर, त्यांच्या ऐंशीनंतरच. पण आपण उशिरा पाहिलं म्हणून त्यांनी उशिरा सुरू केलं असं होत नाही.

'कधीही दुःख केलं नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. 1959 मध्ये नवरा गेला, आत्महत्या करून. पदरात दोन मुलं. बहीण उझराही पुढे पाकिस्तानात गेली. या दोघी पुन्हा एकत्र रंगमंचावर आल्या त्या 1993 मध्ये, लाहोरला, 'एक थी नानी' या नाटकात. मधली सगळी वर्षं हसतच काढली असतील असं समजणाऱ्याने कोणाच्या घरी समाचारालाही जाऊ नये.

'एकमेव' तर सोडूनच द्या. अभिनेत्री दुर्गा खोटे 1905 च्या. 'वागळे की दुनिया' दूरदर्शनवर आली 1988 मध्ये, ती त्यांच्याच संस्थेची निर्मिती. वय मोजा. लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्रभात फिल्म कंपनीच्या काळात याच दुर्गाबाई काम करून गेल्या. पुण्याच्या ग्रुपवर 'एकमेव' पाठवताना निदान एवढं तरी आठवावं.

आत्याची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. वारांचे कप्पे असलेला डबा आणलाय, तो चहाच्या डब्याशेजारी ठेवलाय. हे सगळं मी तिला वाचून दाखवलं तेव्हा कॅन्सरपाशी तिने मला थांबवलं. "ब्याऐंशीव्या वर्षी? मग 'चीनी कम'मध्ये ती केवढी होती?" पंच्याण्णवची, मी म्हटलं. आत्याने चष्मा लावला, ग्रुपमधल्या एकेका मैत्रिणीला फोन लावायला घेतला, आणि प्रत्येकीला एकच विचारलं, "तू गोळी बंद केलीस का गं?" पहिल्या दोघी नाही म्हणाल्या. तिसरी जरा वेळ बोललीच नाही.