कुणाला कळतंय?

आमचे भाचेराव आज माझ्या हातातलं ‘पॉयरो अँड मी’ उलटंपालटं करून म्हणतात, “मावशी, पंचवीस वर्षं मिशी चिकटवून एकच रोल केला, त्याचं काय एवढं पुस्तक?” घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. इथे बोलते.

पुस्तक डेव्हिड सूशे या इंग्रज नटाचं. टीव्ही मालिकेत १९८९ ते २०१३, सत्तर भागांत त्यानं अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो उभा केला. त्याआधी एका टीव्हीपटात पीटर उस्तिनॉव्ह पॉयरो असताना हाच गडी पोलीस इन्स्पेक्टर जॅप झाला होता, आणि ते आपलं सगळ्यात वाईट काम असावं असं स्वतःच सांगून मोकळा होतो. पॉयरोसाठी विचारणा झाली तेव्हा सख्ख्या भावानं बजावलं, याच्या वाटेला जाऊ नकोस. यानं काय केलं? अगाथा ख्रिस्ती वाचत बसला आणि पॉयरोच्या ९३ सवयी-लकबी लिहून काढल्या. चहात साखरेचे क्यूब किती, तेसुद्धा!

कॉलेजच्या एकांकिकेत मी गरीब आत्याबाई होते. चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधली होती. दिग्दर्शक म्हणाला, “शेवटच्या रांगेत कुणाला कळतंय?” आणि तिसरी घंटा व्हायच्या आत चकचकीत चष्मा हातात कोंबला.

सूशेचं भांडण रुमालावरून झालं. मालिकेचे सुरुवातीचे दिवस. पॉयरो बाक पुसणार, रुमाल अंथरणार आणि मगच बसणार, हा त्याचा हट्ट. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. काम अडलं, पण हा हटला नाही. शेवटी रुमाल अंथरूनच बसला. हे वाचताना त्या चष्मेवाल्याला मी मोठ्यानं शिवी हासडली. इतक्या वर्षांनी!

ती तुरुतुरु चाल जमावी म्हणून गड्यानं कुल्ल्यांमध्ये नाणं दाबून धरून चालायचा सराव केला. हसा खुशाल. पण ख्रिस्तीबाईंच्या लेकीनं त्याला बजावलं होतं, लोकांनी पॉयरोबरोबर हसावं, पॉयरोला नाही. आणि ‘एकच रोल’ म्हणे! रंगभूमीवर ‘अमेडिअस’ नाटकातला संगीतकार सालिएरी कुणी केला मग?

मधली प्रकरणं ‘हा भाग झाला, मग तो भाग’ अशी जातात, मान्य. पुढे.

भाच्यावरचा राग आता उतरलाय. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष, त्यालाही कुणीतरी ‘चालतंय रे’ म्हणणारंच भेटलं असणार. त्याला एवढंच वाचायला लावणार आहे: ‘कर्टन’ या शेवटच्या कथेत पॉयरो मरतो. सूशेला तो मृत्यू शेवटच्या दिवशी नको होता, म्हणून ‘कर्टन’ आधी चित्रित झाला. शेवटचं शूटिंग दुसऱ्याच भागाचं, ख्रिस्तीबाईंच्या ग्रीनवेच्या घरी, हिंडत्याफिरत्या पॉयरोचं. टीव्हीवर मात्र ‘कर्टन’च शेवटी लागला. प्रेक्षकांना या उलट्या क्रमाचा पत्ताही लागणार नव्हता, तरी त्याला तो तसाच हवा होता.

पुस्तक कुणाला हवं असेल तर सांगा. भाच्यानंतर नंबर लागेल. पानं दुमडायची नाहीत.