एपीकेला कुलूप लावून फसवणूक थांबत नाही, परवानग्या आवळाव्या लागतात

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालीच नाही. गूगलचं प्रमाणपत्र असलेल्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे ज्यात प्ले स्टोअर आधीपासून असतं अशा फोनवर, यापुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच ॲप इन्स्टॉल होणार. मग ते ॲप प्ले स्टोअरवरचं असो, कुणाच्या वेबसाइटवरचं असो की मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं असो. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीचं जग. त्यात आपणही आलो. डेव्हलपरने नाव, पत्ता, ईमेल, फोन नंबर द्यायचा, सरकारी ओळखपत्र अपलोड करायचं आणि प्रत्येक ॲपचं पॅकेज नाव (फोनला ॲप ओळखता येतं ते तांत्रिक नाव) व सहीची की (ॲपवर डिजिटल सही ज्या किल्लीने होते ती) गूगलकडे नोंदवायची.

विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने थोडी माघार घेतली. धोक्याच्या सूचना वाचून तरीही पुढे जाऊ इच्छिणाऱ्या जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं सांगितलं. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोजक्या फोनपुरतं खातंही देऊ केलं. पण मूळ मुद्दा जागेवरच आहे: पैसे मोजून घेतलेल्या फोनवर काय चालेल, याचा शेवटचा शब्द कुणाचा?

माझं मत सरळ आहे. फसवणुकीचं कारण खरं आहे, उपाय चुकीच्या जागी लावला आहे.

आधी कारण बघू, कारण ते महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपने पाहिलेलं आहे. "आरटीओ चलान", "लग्नाचं आमंत्रण", "बँक केवायसी अपडेट" अशा नावाची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल येते, बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फाईलवर बोट ठेवलं की अँड्रॉइड विचारतं, व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का? "अलाऊ" दाबलं की पहिलं ॲप बसतं. त्यात बहुतेकदा काहीच नसतं, नुसतं "अपडेट करा" असं बटण. ते दाबल्यावर खरं विषारी ॲप आतून बाहेर येतं. याला ड्रॉपर म्हणतात. दोन तुकडे करण्याचं कारण असं, की वरच्या तुकड्यात संशय घ्यावं असं काही सापडत नाही.

दुसरं ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि मिळाल्यावर स्वतःचा आयकॉन लपवतं. तिथून पुढे येणारा प्रत्येक ओटीपी एखाद्या टेलिग्राम बॉटवर किंवा सर्व्हरवर जातो. काही ॲप्स ॲक्सेसिबिलिटी मागतात. ही सुविधा दृष्टिहीन लोकांना स्क्रीन वाचून दाखवता यावी म्हणून आहे. ती हातात आली की ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

आता या साखळीत डेव्हलपरच्या ओळखपत्राने नेमकी कुठली कडी तुटते? फार तर पहिली, आणि तीही थोडा वेळ. ज्या देशात आधार-पॅन जोडलेली बँक खाती भाड्याने मिळतात आणि दुसऱ्याच्या नावावरची सिम कार्डं चालतात, तिथे दुसऱ्याच्या नावावरचं डेव्हलपर खातं मिळायला कितीसा वेळ लागेल? बँकांचं केवायसी या टोळ्यांनी पचवलं, तर गूगलचं का पचवणार नाहीत? प्ले स्टोअरवरच्या ॲप्सपेक्षा इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲप्समध्ये ५० पटींहून जास्त मालवेअर सापडतं, असं गूगल सांगतं. हा आकडा मी नाकारत नाही. तो धोका कुठे आहे ते सांगतो, ओळखपत्राने तो किती कमी होईल ते सांगत नाही.

साखळी तुटते ती एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीपाशी. गंमत नाही, गूगलला हे नीट माहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केलेल्या प्ले प्रोटेक्टच्या, म्हणजे फोनमधली ॲप्स तपासणाऱ्या गूगलच्या सुविधेच्या, प्रयोगात हेच तत्त्व आहे: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाईल मॅनेजरमधून उतरलेल्या एपीकेने एसएमएस मिळवणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी यांपैकी काही मागितलं तर इन्स्टॉल अडवायचं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देण्याचं बटणच करड्या रंगाचं होतं. ते चालू करायला ॲप इन्फोमध्ये जाऊन वरच्या तीन ठिपक्यांमधून "अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" निवडावं लागतं. ड्रॉपरवाल्यांनी लगेच यातही पळवाट काढली: स्टोअर जशी सेशन पद्धतीने ॲप बसवतात तसंच बसवायचं, म्हणजे फोनला ते स्टोअरमधून आल्यासारखं वाटतं. अँड्रॉइड १६ मध्ये त्यापुढची पायरी आली. अनोळखी नंबरशी कॉल चालू असताना ॲक्सेसिबिलिटी देता येत नाही आणि पहिल्यांदाच बाहेरचं ॲप बसवायचं असेल तर तेही होत नाही. हे उत्तम काम आहे. चोर ज्या क्षणी कानात बोलत असतो, नेमका त्याच क्षणी हात धरला जातो, आणि यासाठी कुणाचंही ओळखपत्र लागत नाही.

सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहून घेतात म्हणून कुणी आपल्या कपाटाची चावी पाहुण्याच्या हातात देत नाही. प्ले स्टोअरच्या गेटमधून रीतसर आत आलेल्यांनी काय केलं, ते आठवून बघा.

कर्ज देणारी ॲप्स. माणूस तीन-चार हजारांचं कर्ज घ्यायचा, ॲप संपर्कयादी आणि फोटो उचलायचं, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन आणि विकृत केलेले फोटो. यातली कित्येक ॲप्स प्ले स्टोअरवरचीच होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने २,२०० हून जास्त कर्ज ॲप्स काढली किंवा स्थगित केली, असं सरकारने संसदेत सांगितलं. तेव्हाची डेव्हलपर तपासणी आजच्याइतकी कडक नव्हती, हे मान्य. पण फरक पडला तो परवानगी तोडल्यावर. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत संपर्कयादी, फाईल्स, कॉल लॉग यांना हात लावायला मनाई केली आणि ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना संपर्क आणि फोटो बंद केले. वसुलीचं हत्यारच ती यादी होती.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं, कारण त्यात कुठलीही टोळी नाही. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अँड्रॉइडवरचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम ॲप मागे उघडं राहून फोनच्या आतल्याच काही पोर्टवर, म्हणजे ॲप्सनी एकमेकांशी बोलायच्या दारांवर, कान लावून बसत होतं. तुम्ही ब्राउझरमध्ये मेटाचा (फेसबुकच्या मालक कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे पाळत ठेवणारा छोटा कोड, असलेली एखादी साइट उघडलीत, की त्या पानावरची स्क्रिप्ट ब्राउझरमधल्या कुकीचा क्रमांक वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या कॉलिंगच्या तंत्राने त्या पोर्टवर पाठवायची. ॲपमध्ये तुम्ही लॉगिन असताच. म्हणजे निनावी ब्राउझिंग थेट तुमच्या नावाला चिकटलं. इनकॉग्निटो कामाचं नाही, कुकी पुसून उपयोग नाही, व्हीपीएनचाही नाही, कारण ही देवाणघेवाण फोनच्या बाहेर जातच नव्हती. रशियाच्या यांडेक्स या इंटरनेट कंपनीची ॲप्स अशीच युक्ती २०१७ पासून वापरत होती. बातमी फुटली त्याच दिवशी, ३ जूनला, मेटाने हा प्रकार थांबवला.

या ॲप्सना त्यासाठी कुठली परवानगी लागली? फक्त इंटरनेटची. आणि इंटरनेटची परवानगी अँड्रॉइड तुम्हाला विचारतच नाही, इन्स्टॉल करताच देऊन टाकतं. टॉर्चचं ॲप, कॅल्क्युलेटर, पंचांग, सगळ्यांना. ग्राफीनओएस या स्वतंत्र अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपचं नेटवर्क बंद करायचं साधं बटण आहे. म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला ते बटण द्यायचं नाही, असंच मी समजतो.

आता ताब्याची बाजू. गेट एकच असलं की गेटवाल्यावर दबाव आणणं सोपं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाच्या निवडणुकीत विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं मतदान-मार्गदर्शक ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही सरकारी दबावाखाली काढलं. अँड्रॉइडवाल्यांना निदान एपीके फिरवता येत होती. आयफोनवाल्यांना तीही सोय नव्हती. आपल्याकडे २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यायचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला मागे घेतला. चोरीचा फोन ब्लॉक करायला संचार साथी उपयोगाचं आहे, जरूर वापरा. पण ते ठेवायचं की काढायचं, हे फोनच्या मालकानेच ठरवायचं.

पैशाचा ताबा तर उघडच दिसतो. १ मार्च २०२४ ला प्ले स्टोअरच्या शुल्काच्या वादावरून भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम, नोकरी अशी रोज वापरातली ॲप्स प्ले स्टोअरवरून गायब झाली आणि केंद्र सरकारने मध्ये पडल्यावर काही दिवसांत परतली. ज्याला एवढं सहज करता येतं, त्याच्याच हातात स्टोअरबाहेरच्या वाटेचंही कुलूप द्यायचं?

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. बातम्यांमध्ये तो आकडाच गाजला. त्याच आदेशात, डेव्हलपरला स्टोअरबाहेरून ॲप वाटताना अडथळा आणायचा नाही, असंही कलम होतं. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हे कलम आणि आणखी तीन कलमं रद्द केली. माझ्या मते दंडापेक्षा ते कलम मोलाचं होतं. ते टिकलं असतं तर २०२७ ची ही योजना भारतात आणण्यापूर्वी गूगलला दहा वेळा विचार करावा लागला असता.

सगळ्यात मोठा फटका बसेल तो एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त स्टोअरला. तिथे ॲपचा सोर्स कोड घेऊन एफ-ड्रॉइड स्वतः ते बांधतं आणि बहुतेक वेळा स्वतःच्या कीने सही करतं. मूळ लेखक वेगळा, सही वेगळी. पॅकेज नाव आणि की एकाच ओळखीशी बांधायची अट या रचनेत बसतच नाही. जाहिरात नसलेलं, ट्रॅकर नसलेलं ॲप शोधणाऱ्यासाठी आज ती सगळ्यात विश्वासाची जागा आहे.

"आई-बाबांच्या फोनचं काय?" हा प्रश्न योग्य आहे. त्यांच्या फोनवर बाहेरची वाट बंदच असावी, आणि ती आजच बंद करता येते. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. तिथे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम, फाईल्स, जीमेल यांच्यासमोर "नॉट अलाऊड" दिसलं पाहिजे. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय आहे, त्यामुळे एक बंद करून थांबू नका. सॅमसंग, शाओमी, विवो यांच्यात मेनूची नावं थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत "अननोन" लिहिलं की सापडतं. त्याच स्पेशल ॲप ॲक्सेसमध्ये नोटिफिकेशन ॲक्सेस आणि "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स" हेही तपासा. ॲक्सेसिबिलिटीच्या "डाउनलोडेड ॲप्स"मध्ये तुम्ही स्वतः न बसवलेलं काही दिसलं तर ते आधी बंद करा.

मग परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडा. बँक, यूपीआय आणि मेसेज ॲप सोडून तिथे कुणाचं काम नाही. खरेदीच्या ॲपला ओटीपी आपोआप भरायला एसएमएसची पूर्ण परवानगी लागत नाही, त्यासाठी वेगळी सोय आहे. लोकेशन "फक्त वापरताना" ठेवा. हवामानाच्या ॲपला "प्रिसाइज" नको, अंदाजे ठिकाण पुरतं. शेवटी सेटिंग्जच्या प्रायव्हसीत "ॲड्स"मध्ये जाऊन "डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी" दाबा. त्याने जाहिराती थांबत नाहीत, पण वेगवेगळ्या ॲप्सनी तुमची माहिती एका क्रमांकाखाली जुळवण्याचा सोपा मार्ग बंद होतो.

एपीके बसलीच असेल तर लगेच एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय बंद आहे ना ते बघा. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी त्या फोनवर येतील. तिथून बँकेला सांगून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितके पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. त्याच सिमवरून *#२१# लावून कॉल फॉरवर्ड आहे का पाहा, असेल तर ##००२# ने सगळे फॉरवर्ड काढा. अनइन्स्टॉलचं बटण करडं दिसलं तर ॲपला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनचा कारभारी, बनवलेलं असतं: आधी तो अधिकार काढा, जमत नसेल तर सेफ मोडमध्ये (बाहेरची ॲप्स बंद ठेवून) फोन सुरू करून काढा. त्यानंतर फोटोंचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट कराच. नुसतं ॲप काढून समाधान मानू नका, ड्रॉपरने मागे काय ठेवलं ते तुम्हाला दिसत नाही. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेसही तपासा आणि ज्या ग्रुपवर तुमच्या नावाने फाईल गेली असेल तिथे लगेच लिहा, लाजू नका.

२०२७ ला अजून अवकाश आहे. स्पर्धा आयोगाकडे आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे मागायचं ते एवढंच: एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीवरची बंधनं हवी तेवढी कडक करा, अनोळखी ॲपला एक दिवस थांबवून ठेवलंत तरी चालेल, पण शेवटचा "हो" गूगलच्या यादीतून नाही, फोनच्या मालकाकडून आला पाहिजे. आणि प्रत्येक ॲपसमोर इंटरनेट बंद करायचं बटण द्या.